तालुक्याच्या वाचनालयाची वेबसाइट: फुकटचं होस्टिंग घ्यावं की स्वस्तातलं विकतचं?

मधली_आळी | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गातल्या एका क वर्ग सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आहे. साडेनऊ हजारांच्या आसपास पुस्तकं, एक ग्रंथपाल, एक शिपाई. अनुदान आलं की आधी पगार, मग दिवाळी अंक, उरलं तर बाकीचं. वेबसाइटसाठी वर्षाला तीन हजारांच्या वर मंडळ एक रुपया मंजूर करणार नाही, हे मला बैठकीआधीच ठाऊक आहे.

२०१८ मध्ये गावातल्या एका कॉलेजच्या मुलाने हौसेने एका फुकट होस्टिंगवर (साइट ठेवायच्या इंटरनेटवरच्या जागेवर) साइट करून दिली होती. फार मन लावून केली होती. जुन्या इतिवृत्ताच्या पानांचे फोटो, देणगीदारांची यादी, सगळं त्याने मे महिन्याच्या सुट्टीत बसून चढवलं. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला, त्या खात्यात कुणी लॉगिन केलं नाही आणि ‘खातं निष्क्रिय’ म्हणून सगळं पुसलं गेलं. इशाऱ्याची मेल त्याच्या कॉलेजच्या बंद पडलेल्या पत्त्यावर गेली होती. इतिवृत्ताची मूळ वही त्याच्या पुढच्या पावसात भिजली, त्यामुळे ती पानं आता कुठेच नाहीत. हे मला अजून लागतं.

आता पुन्हा करायची आहे, जुळवाजुळव माझा भाचा करून देईल. वेळा, वर्गणी, कार्यक्रमांचे फोटो आणि मुख्य म्हणजे घरबसल्या शोधता येईल अशी पुस्तकांची यादी. पुढेमागे सभासदांना लॉगिन. फुकटात परत जायची भीती वाटते, आणि विकतचं घेतलं तर दरवर्षी आठवणीने पैसे कोण भरणार ही चिंता. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी सांगा.

खिडकीपाशी | शनिवार, रात्री १०:२५

ताई, लॉगिन सध्या बाजूला ठेवा, मग उत्तर बरंच सोपं होतं.

वाचनालयाचंच उदाहरण देतो. भिंतीवर टांगलेली छापील यादी असते, ती कुणीही येऊन वाचतो, त्यासाठी कुणाला उठावं लागत नाही. ही झाली स्टॅटिक साइट. वर्डप्रेस (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) म्हणजे दर वाचकामागे ग्रंथपालाने उठून, कपाट उघडून, कागद जुळवून देणं. त्यासाठी सर्व्हरवर पानं जुळवणारा प्रोग्रॅम (पीएचपी) आणि नोंदींचा साठा (डेटाबेस) सतत जागे लागतात, म्हणून त्याचे पैसे पडतात. भिंतीवरची यादी फुकटात टांगू देणं मोठ्या कंपन्यांना परवडतं.

गिटहब पेजेस ही अशा साइटींसाठीची फुकट सेवा २००८ पासून चालू आहे. साइट १ जीबीपर्यंत, महिन्याला साधारण १०० जीबी वाहतूक (वाचकांकडे जाणारा डेटा), जाहिराती नाहीत, स्वतःचं डोमेन (साइटचं नाव, म्हणजेच पत्ता) जोडता येतं. तशाच क्लाउडफ्लेअर पेजेसमध्ये वाहतुकीला मर्यादाच नाही, फक्त एक फाइल २५ एमबीच्या आत आणि एकूण फाइली २० हजारांच्या आत. तालुक्याच्या वाचनालयाला यातलं काहीही कमी पडणार नाही.

आता यादी. एका नोंदीत दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, विषय धरून साठ-सत्तर अक्षरचिन्हं होतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेतं, म्हणजे नोंद सुमारे २०० बाइटची. साडेनऊ हजार नोंदी म्हणजे दोन एमबीच्या आत, आणि सर्व्हरवरून दाबून पाठवली की त्याच्याही बरीच खाली. एवढी यादी वाचकाच्या मोबाइलवर एकदाच उतरते आणि शोध तिथल्या तिथे होतो. डेटाबेसची गरज नाही. ग्रंथपालांनी एक्सेलमध्ये नोंदी ठेवल्या असतील तर अर्धं काम झालेलंच आहे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. गिटहबच्या फुकट खात्यात पेजेससाठीच्या फाइली सर्वांना दिसतात. सभासदांची नावं, फोन नंबर, थकबाकीची यादी असलं काहीही चुकूनसुद्धा तिथे जाता कामा नये.

जुनाट_टंक | शनिवार, रात्री ११:५०

खिडकीपाशी यांचं गणित बरोबर आहे, पण मी विकतच्याच बाजूने बोलणार. कारण फुकटच्या जागा जाताना मी पाहिल्या आहेत.

जिओसिटीज हे फुकट होस्टिंग १९९४ मध्ये सुरू झालं, १९९९ मध्ये याहूने घेतलं आणि २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केलं. जपानमधली शाखा तेवढी आणखी दहा वर्षं चालली. ‘शिवाजी’ फॉन्टमध्ये टंकलेली मराठी पानं मी त्या काळात तासन्‌तास वाचली आहेत. आधी फॉन्ट उतरवून घ्यायचा, मग पान उघडायचं, आणि परदेशात राहणाऱ्या कुणीतरी रात्री जागून टंकलेली ओवी समोर यायची. आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत जमेल तेवढं उतरवून ठेवलं. बाकीचं गेलं.

अलीकडचं पाहा. हेरोकू या होस्टिंग कंपनीने २८ नोव्हेंबर २०२२ ला फुकट योजना बंद केल्या. ०००वेबहोस्ट या फुकट होस्टिंगमधून २०१५ मध्ये एक कोटीहून जास्त खात्यांचे पासवर्ड उघड्यावर आले, तेही साध्या मजकुरात साठवलेले, आणि २०२४ मध्ये ती सेवाच बंद झाली. डॉट टीके हे शेपूट टोकेलाऊ नावाच्या प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या बेटांचं. फ्रीनॉम नावाची कंपनी ते फुकट देत असे. २०२३ मध्ये मेटाने (फेसबुकच्या कंपनीने) त्यांच्यावर दावा लावला, नवी नोंदणी थांबली आणि २०२४ मध्ये त्यांनी डोमेनचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. त्या नावांवर उभ्या असलेल्या साइटवाल्यांच्या हातात काहीच नव्हतं.

पैसे भरले की निदान बिल असतं, आणि बिल असलं की तक्रार करता येते. फुकटात दाद कुणाकडे मागणार?

वेळास_बंदर | रविवार, सकाळी ७:१५

जुनाट_टंक, गूगलच्या फुकट ब्लॉगांचं ब्लॉगस्पॉट डॉट इन राहिलं! २०१२ पासून गूगल भारतातल्या वाचकांना डॉट कॉमऐवजी डॉट इनवर नेत असे. त्यामुळे आपण सगळ्यांनी फेसबुकवर, मेलमध्ये, छापील स्मरणिकांतसुद्धा डॉट इनचेच पत्ते दिले. २०२० मध्ये ते नाव गूगलच्या हातून सुटलं आणि दुसऱ्याच कुणीतरी नोंदवून घेतलं. मराठी ब्लॉगांचे कितीतरी जुने दुवे त्या दिवशी मेले. मजकूर जागेवरच होता, ‘इन’ खोडून ‘कॉम’ लिहिलं की उघडायचा, पण हे वाचकाला कोण सांगणार? माझ्या आईच्या पाककृतींच्या ब्लॉगचा पत्ता आम्ही तिच्या पंचाहत्तरीच्या पुस्तिकेत छापला होता. पुस्तिका अजून नातेवाइकांकडे आहे, पत्ता चालत नाही.

म्हणून मला वाटतं, होस्टिंग फुकट असो की विकत, पत्ता आपल्या मालकीचा हवा.

हिशेबनीस | रविवार, सकाळी १०:०५

विकतच्या बाजूचा खरा हिशेब मांडतो, कारण जाहिरातीतला आकडा पाहून मंडळाची मंजुरी घेतलीत तर तीन वर्षांनी तोंडचं पाणी पळेल. मी आमच्या सोसायटीची साइट अशीच घेतली होती. कंपनीचं नाव देत नाही.

जाहिरात: महिना ९९ रुपये. पण हा दर तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तरच. ९९ गुणिले ३६ म्हणजे ३,५६४, त्यावर १८ टक्के जीएसटी ६४२, एकूण ४,२०६. वर्षाला १,४०२ पडले, तक्रार नाही. पैसे भरायच्या पानावर बॅकअप आणि ‘साइट सुरक्षा’ यांच्या चौकटीत आधीच खूण केलेली होती, ती काढली. तीन वर्षांनी नूतनीकरणाचा दर महिना ४४९. एका वर्षाचे ५,३८८, जीएसटी ९७०, एकूण ६,३५८. साडेचार पट. शिवाय पहिल्या वर्षी ‘फुकट’ दिलेलं डोमेन दुसऱ्या वर्षापासून वेगळ्या बिलात.

तेव्हा योजना निवडताना पहिला दर बघूच नका. नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरांत असतो, तोच बघा.

दुसरं म्हणजे ‘अमर्याद’. जागा अमर्याद लिहिलेली असते, पण अटींच्या पानावर फाइलींच्या संख्येची मर्यादा असते. तिला आयनोड म्हणतात. वर्डप्रेस एकेका फोटोच्या लहान-मोठ्या पाच-सहा प्रती करून ठेवतं, त्यामुळे कार्यक्रमांचे फोटो चढवत गेलात की ती मर्यादा जवळ येते आणि काही ठिकाणी तुमच्या नकळत बॅकअप घेणं थांबतं.

तिसरं. आपोआप नूतनीकरणावर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ई-मॅन्डेट (बँकेकडे दिलेली आगाऊ परवानगी) नोंदवल्याशिवाय कार्डावरून ठरावीक मुदतीने पैसे कापले जात नाहीत. परदेशी कंपनीकडे कार्ड दिलेलं असलं तरी ऐन वेळी पैसे जाणार नाहीत आणि साइट बंद दिसेल. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि सीपॅनेलने (होस्टिंगवाले खाती चालवायला वापरतात ते सॉफ्टवेअर) २०१९ मध्ये दर खात्यामागे पैसे घ्यायला सुरुवात केल्यापासून स्वस्त होस्टिंगवाल्यांचाही खर्च वाढला आहे. स्वस्ताई कुठूनतरी वसूल होतेच.

खिडकीपाशी | रविवार, सकाळी १०:४०

हिशेबनीसांना अनुमोदन. अजून एक: काही ठिकाणी एसएसएलचे (साइट आणि वाचक यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचे) वेगळे पैसे मागतात. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं २०१६ पासून सर्वांना फुकट मिळतात. जो होस्टिंगवाला त्यासाठी वर्षाला हजार रुपये मागेल त्याच्याकडे जाऊच नका. ते नसेल तर क्रोम पत्त्यापुढे ‘सुरक्षित नाही’ दाखवतो, २०१८ पासून. वाचनालयाच्या नावापुढे ते बरं दिसणार नाही.

मधली_आळी | रविवार, दुपारी १:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. डोमेन कुणाच्या नावावर घ्यायचं? आमचे कार्यवाह म्हणतात, ‘माझ्या कार्डावरून घेतो, माझ्या नावावर राहू दे.’ माणूस अगदी सज्जन आहे.

डोंबिवली_लोकल | रविवार, दुपारी २:१०

ताई, सज्जन असले तरी नको. जरा लांबण लावतो, पण हे सांगायलाच हवं.

आमच्या मंडळाचं डॉट कॉम डोमेन आमच्या सचिवांच्या वैयक्तिक जीमेलवर होतं. त्यांनीच ते २००९ मध्ये पदरमोड करून घेतलं होतं आणि दरवर्षी न सांगता पैसे भरत होते. २०२१ च्या लाटेत ते गेले. त्यांच्या पत्नीला असं काही आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि आम्हाला त्या घरात जाऊन पासवर्डचं विचारायचा धीर होत नव्हता. चार महिने असेच गेले. मग साइट बंद झाली. तोवर त्यांचा मोबाइल नंबरही बंद झाला होता, त्यामुळे ओटीपी कुठे येणार? त्यांच्या मुलीने लॅपटॉप उघडून दिला. सुदैवाने त्यात जीमेल चालू होतं, म्हणून जमलं.

मुदत संपल्यावर डॉट कॉमला काही दिवसांची सवलत असते, ती रजिस्ट्रारप्रमाणे (नाव विकणाऱ्या कंपनीप्रमाणे) बदलते. मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, त्यात सोडवायचा दंड भारी. त्यानंतर पाच दिवसांनी नाव बाजारात मोकळं. आम्ही रिडेम्प्शनच्या सव्विसाव्या दिवशी पैसे भरले. तोवर आमच्या अध्यक्षांना झोप नव्हती.

त्यांनी इतकी वर्षं एकट्याने हे ओझं वाहिलं आणि आम्ही एकदाही विचारलं नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. तुमच्या कार्यवाहांवर ती वेळ आणू नका. संस्थेच्या नावाचा नवा मेल पत्ता काढा, नोंदणीत मालक म्हणून वाचनालयाचं नाव घाला, ओटीपीसाठी वाचनालयाच्या कपाटात राहणारा फोन. पावतीही संस्थेच्या नावाने घ्या, लेखापरीक्षणात लागेल.

वेळास_बंदर | रविवार, दुपारी २:३५

वाचून गलबलून आलं. हे सचिव प्रत्येक संस्थेत असतात.

जुनाट_टंक | रविवार, सायंकाळी ६:००

डोमेन आपलं असलं तर फुकट होस्टिंगची माझी अर्धी हरकत संपते, हे मान्य. एक जागा बंद झाली तर त्याच नावाला दुसरीकडे वळवता येतं. पण उरलेली अर्धी कायम आहे. दोन वर्षांनी ताई म्हणतील, सभासदांना पुस्तक राखून ठेवायची सोय हवी. तेव्हा भिंतीवरची यादी पुरणार नाही. आज वर्डप्रेस घेतलं तर तो दरवाजा उघडा राहतो. शिवाय कार्यक्रमाचं वृत्त ग्रंथपालांना स्वतः टाकता आलं पाहिजे. गिटहब पाहून ते घाबरतील, आणि दर वेळी भाच्याला फोन करावा लागला तर साइट सहा महिन्यांत शिळी होईल. शिळी साइट ही बंद साइटच.

फोंडेकार | रविवार, रात्री ८:२०

जुनाट_टंक यांचा शेवटचा मुद्दा खराच महत्त्वाचा. पण वर्डप्रेस मराठीत चालवताना दोन खड्डे आहेत, मी दोन्हींत पडलो आहे.

पहिला डेटाबेसचा. एका स्वस्त होस्टिंगवरून दुसरीकडे जाताना मी बॅकअप आयात केला आणि अकराशे लेखांत प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. ‘नमस्कार’ उघडला तर ‘???????’. नवीन डेटाबेस लॅटिनच्या जुन्या संचावर तयार झाला होता. अक्षरसंच यूटीएफ-८ चा, एमबी-४ वाला (utf8mb4), निवडूनच आयात करायची. मूळ फाइल पेनड्राइव्हवर होती म्हणून वाचलो. एकदा प्रश्नचिन्ह होऊन साठवलं गेलं की त्यातून मराठी परत निघत नाही.

दुसरा पत्त्याचा. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून पत्ता बनवतं, त्याला २०० वर्णांची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं एक चिन्ह पत्त्यात ९ वर्ण खातं. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम बावीस चिन्हं. लांब मराठी शीर्षकाचा पत्ता मधेच तुटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची गजभर ओळ दिसते, म्हातारी माणसं तिला हातच लावत नाहीत. पत्ते रोमन लिपीत आखूड ठेवा.

नवीन नाव घेताना डॉट भारतचा विचार मीही केला होता. २०१४ पासून देवनागरीत ते मिळतं आणि पाटीवर सुंदर दिसतं. पण बरेच फॉर्म ते पत्ता म्हणून स्वीकारत नाहीत. मुख्य नाव डॉट इन घ्या, डॉट भारत हौसेने जोडीला घेतलंत तर त्याला तिकडे वळवा.

खिडकीपाशी | रविवार, रात्री ९:००

ग्रंथपालांच्या अडचणीवर तोडगा आहे. बातम्या आणि फोटोंसाठी ब्लॉगर (ब्लॉगस्पॉटचे ब्लॉग जिथे चालतात ती गूगलची सेवा) ठेवा, त्यालाही तुमच्याच डोमेनचं उपनाव जोडता येतं. मोबाइलवरून फोटो टाकणं त्यांना मेलइतकंच सोपं जाईल. यादी आणि कायमची पानं स्टॅटिक. राखून ठेवायची सोय मागितली तर त्या दिवशी त्या दिवसाचं बघू. दोन वर्षांनंतरच्या गरजेसाठी आजपासून भाडं भरणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

जुनाट_टंक | रविवार, रात्री ९:३०

ब्लॉगरही २००३ पासून गूगलच्याच मर्जीवर आहे. पण डोमेन आपलं आणि प्रत आपल्याकडे असेल तर चालेल. प्रत मात्र दर महिन्याला घ्याच. आणि नवीन पान चढलं की वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याचा पत्ता देऊन जतन करा, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. माझं मत अजून विकतच्याच बाजूला आहे, हे नोंदवून ठेवतो.

मधली_आळी | तीन आठवड्यांनी, गुरुवार, रात्री ९:१५

मंडळी, काम झालं, म्हणून सविस्तर कळवते.

बैठकीत मी हिशेबनीसांचे ४,२०६ आणि ६,३५८ हे दोन आकडे फळ्यावर लिहिले आणि डोंबिवलीकरांची हकिकत वाचून दाखवली. कार्यवाह स्वतःच म्हणाले, माझ्या नावावर नको. डॉट इन डोमेन वाचनालयाच्या नावाने पाच वर्षांसाठी घेतलं, मंडळाने ठरवलेल्या रकमेत बसलं आणि पैसे उरले. होस्टिंग सध्या फुकटचं, स्टॅटिक. बातम्यांसाठी ब्लॉगर.

ग्रंथपालांनी एक गोष्ट आपणहून केली. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये लोखंडी कपाटं, पंखे, घड्याळ यांच्या खाली डोमेनची नोंद केली: खरेदीची तारीख, पावती क्रमांक, मुदत संपण्याची तारीख. दर वर्षी मार्चमध्ये पडताळणी होते तेव्हा त्यावरही खूण होणार. पासवर्ड बंद पाकिटात, दोघांच्या सह्यांनिशी तिजोरीत. यादीची प्रत दोन पेनड्राइव्हवर, एक वाचनालयात आणि एक माझ्या घरी.

पुण्याला गेलेल्या त्या मुलाला मी फोन केला. त्याच्या जुन्या फोनच्या मेमरी कार्डात इतिवृत्ताची अकरा पानं निघाली. शंभराहून जास्त होती, पण अकरा तरी आली. साइटवर पहिली तीच चढवली, वेबॅकवरही जतन केली.

आता एक अडचण. काल एक सभासद आजोबा मोबाइलवर ‘ॲटलस’ शोधत होते, यादी म्हणते एकही नाही. कपाटात तीन आहेत आणि यादीतही तीन आहेत, मी डोळ्यांनी पाहिले. माझ्या फोनवरून शोधलं तर सापडतात!

फोंडेकार | गुरुवार, रात्री ९:५०

अकरा पानं मिळाली हे वाचून फार बरं वाटलं.

‘ॲ’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र चिन्ह आहे, आणि काही कीबोर्ड ‘अ’ लिहून त्यावर चंद्र ठेवतात. दिसायला सारखेच, संगणकाला वेगळे. ‘ऱ्या’मधल्या र चंही तसंच आहे. यादी तयार करताना आणि वाचकाने टंकलेलं शोधण्याआधी, दोन्हीकडे सगळी रूपं एकाच रूपात बदलून घ्यायची.

खिडकीपाशी | गुरुवार, रात्री १०:०५

त्याच फेरीत ह्रस्व-दीर्घही सारखे धरा, शोधापुरते. ‘कवि’ लिहिणारे आणि ‘कवी’ लिहिणारे दोघंही तुमचेच सभासद आहेत. भाच्याला मला व्यक्तिगत निरोप करायला सांगा ताई, वीस ओळींचा कोड आहे, आज रात्रीच पाठवतो.